अमेरिकेत बँक खाते नाकारले जात असेल तर: चेक्ससिस्टिम्सच्या नोंदीचा माग कसा काढावा

लक्षणे

बँकेच्या संकेतस्थळावर चेकिंग खात्याचा, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या खात्याचा, अर्ज भरला की अर्ध्या मिनिटात ‘सध्या आपले खाते उघडता येत नाही’ असा संदेश येतो. शाखेत गेल्यावर तेथील कर्मचारी पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, नोकरीचे पत्र सगळे अगत्याने पाहतो, माहिती संगणकात भरतो, पडद्याकडे पाहत क्षणभर थांबतो आणि ‘सिस्टिम पुढे जाऊ देत नाही’ एवढेच सांगतो. दुसऱ्या बँकेत तेच होते, तिसऱ्या बँकेतही तेच. क्रेडिट स्कोअर पाहावा तर तो ७४० किंवा ७६० असतो, क्रेडिट कार्ड सुरळीत चालू असते, गाडीचे कर्जही मंजूर झालेले असते. पैसे ठेवायचे साधे खाते तेवढे मिळत नाही. काही दिवसांनी टपालाने एक पत्र येते आणि त्यात चेक्ससिस्टिम्स किंवा अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस असे अनोळखी नाव छापलेले असते. हे पत्र बहुतेक जण जाहिरात समजून बाजूला टाकतात.

न्यू जर्सीत नव्याने येणाऱ्या, आणि विशेषतः काही वर्षे भारतात राहून परत येणाऱ्या, मराठी मंडळींना पहिल्या महिन्यातल्या कामांत मी बरीच वर्षे मदत करत आलो आहे. ही अडचण इतक्या वेळा सोडवली आहे की तिचा क्रम आता ठरून गेला आहे. तो येथे सविस्तर लिहीत आहे, कारण पगार जमा व्हायला खाते नाही आणि घराचे भाडे मात्र एक तारखेला द्यायचे आहे, अशा अवस्थेत माणूस घाबरतो, आणि त्या घाईत केलेल्या गोष्टींनीच प्रकरण चिघळते.

हे असते काय

भारतात आपल्याला सिबिल ठाऊक असते. त्याची नोंद कर्जाविषयी असते. अमेरिकेत कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्था वेगळ्या आणि ठेव खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेगळ्या. चेक्ससिस्टिम्स ही दुसऱ्या प्रकारातली, मिनेसोटा राज्यातली संस्था. एखाद्या बँकेत आपले खाते उणे शिलकीत जाऊन तसेच राहिले, किंवा त्यावर गैरव्यवहाराचा संशय आला आणि बँकेने ते बंद केले, तर बँक ती गोष्ट या संस्थेला कळवते आणि पुढे दुसरी बँक खाते उघडण्यापूर्वी तेथे विचारणा करते. अर्ली वॉर्निंग सर्व्हिसेस हीदेखील असेच काम करते. ती सात मोठ्या बँकांच्या मालकीची असून झेल ही पैसे पाठवण्याची सेवाही तीच चालवते. चेक्ससिस्टिम्सकडे नोंद साधारण ५ वर्षे राहते, अर्ली वॉर्निंगकडे ७ वर्षांपर्यंत. उत्तम क्रेडिट स्कोअर असूनही खाते का मिळत नाही, याचे उत्तर येथे आहे: दोन वह्या वेगळ्या आहेत आणि आपण एकच पाहत असतो.

अशी नोंद होण्यासाठी फार मोठा अपराध लागत नाही. एमएस करून पुण्याला परतलेल्या एका मुलीचे उदाहरण देतो. जाताना तिने खात्यात ४१ डॉलर ठेवले, ‘असू दे, पुन्हा आलो तर उपयोगी पडेल’ म्हणून. शिकत असेपर्यंत माफ असलेले महिन्याचे १२ डॉलर शुल्क शिक्षण संपताच लागू झाले. २९, १७, ५ आणि चौथ्या महिन्यात उणे ७. त्याच आठवड्यात जिमची राहिलेली २० डॉलरची वर्गणी वळती झाली, तिच्यावर ३४ डॉलर ओव्हरड्राफ्ट शुल्क (शिल्लक नसताना पैसे गेल्याबद्दलचे शुल्क) बसले आणि आकडा उणे ६१ झाला. पुढच्या महिन्याचे शुल्क लागून तो उणे ७३ वर गेला. खाते पहिल्यांदा उणे गेल्यापासून साधारण ६० दिवसांत बँकांनी अशी बाकी बुडीत धरावी, अशी नियामकांची सूचना आहे. त्याप्रमाणे बँकेने खाते बंद केले आणि तशी नोंद पाठवली. सूचनेची पत्रे जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर गेली. तीन वर्षांनी कंपनीने तिला पुन्हा इकडे पाठवले, तेव्हा चार बँकांनी नकार दिला आणि तिला ७३ डॉलरचा पत्ताच नव्हता.

सगळ्यांत आधी: नवे अर्ज थांबवा

याला काहीच खर्च नाही आणि परिणाम मोठा आहे. प्रत्येक अर्जाबरोबर बँक विचारणा करते आणि त्या विचारणा अहवालात दिसतात. थोड्या दिवसांत सहा-सात विचारणा दिसल्या की पुढच्या बँकेला त्यातही धोका वाटू शकतो. नाव थोडे बदलून किंवा मधले नाव गाळून अर्ज करून पाहण्याचा सल्ला मित्र देतात. तो मुळीच ऐकू नये. एकाच माणसाची दोन रूपे नोंदीत दिसणे म्हणजे साध्या थकबाकीला ओळखीच्या संशयाची जोड देणे होय.

नकाराचे पत्र नीट वाचा

बँकेने एखाद्या संस्थेच्या अहवालावरून नकार दिला असेल, तर त्या संस्थेचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ग्राहकाला कळवणे १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार बँकेवर बंधनकारक आहे. पत्र आले नसेल तर शाखेत जाऊन ते मागावे. मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण पुढची सगळी दिशा त्यावर ठरते. पत्रात संस्थेचे नाव असेल तर आपली अडचण नोंदीची आहे. ‘आपली ओळख पडताळता आली नाही’ एवढेच असेल तर अडचण बहुधा नोंदीची नसून कागदपत्रांची आहे, आणि त्या दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

ओळखीच्या अडचणीवर उपाय सोपा असतो. ऑनलाइन अर्ज सोडून शाखेत प्रत्यक्ष जावे. जे अमेरिकेचे नागरिक नाहीत आणि ज्यांना अजून सोशल सिक्युरिटी नंबर (सरकार देते तो नऊ अंकी ओळख क्रमांक) मिळालेला नाही, त्यांचे खाते पासपोर्ट क्रमांकावर उघडण्यास कायद्याची हरकत नाही. एखाद्या बँकेचा स्वतःचा नियम मात्र अधिक कडक असू शकतो. आपल्या नावांमुळेही गोंधळ होतो. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असते; पासपोर्टवर पहिली दोन अनेकदा एकाच रकान्यात येतात, नोकरीच्या पत्रात मधले नाव गळते आणि लग्नानंतर आडनाव बदललेले असेल तर तिसराच प्रकार होतो. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव सगळीकडे लिहावे.

याच टप्प्यावर स्वतःला आणखी एक प्रश्न विचारावा: आपण कधी चेक्ससिस्टिम्सकडे ‘सिक्युरिटी फ्रीज’ लावला होता का? माहिती चोरीला गेल्याच्या बातम्यांनंतर अनेकांनी सगळीकडे फ्रीज लावून ठेवले आणि नंतर विसरून गेले. फ्रीज असला की बँकेला अहवाल दिसत नाही आणि बँक नकार देते. तो तात्पुरता उठवला की काम होते, आणि त्याचे पैसे पडत नाहीत. दोन घरांची अडचण मी एवढ्यावरच मिटलेली पाहिली आहे.

अहवाल मागवा, दोन्हीकडून

नकाराची सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांच्या आत मागितल्यास अहवाल मोफत मिळतो. शिवाय नकार नसला तरी वर्षातून एकदा तो मोफत मागता येतो. चेक्ससिस्टिम्सचा अहवाल संकेतस्थळावरून, फोनवरून किंवा टपालाने मागवता येतो. पत्रात एकाच संस्थेचे नाव असले तरी मी दोन्ही अहवाल मागवायला सांगतो, कारण एकीकडची नोंद साफ करून नव्या बँकेत जावे आणि त्या बँकेने दुसरीकडे विचारावे, असे घडलेले आहे. अर्ज करताना ‘अहवाल मिळवून देतो’ म्हणणाऱ्या त्रयस्थ संकेतस्थळांना पैसे देऊ नयेत आणि सोशल सिक्युरिटी नंबर तर मुळीच देऊ नये.

अहवाल टपालाने यायचा तर दिवस जातात. त्या काळात पगाराचे काय, हा प्रश्न खरा असतो, म्हणून येथेच सांगतो. ‘बँक ऑन’ या नावाने प्रमाणित केलेली खाती अमेरिकेत अनेक बँका आणि क्रेडिट युनियन (सभासदांच्या मालकीच्या सहकारी पतसंस्था) देतात. त्यांच्या निकषांनुसार सुरुवातीची रक्कम २५ डॉलर किंवा त्याहून कमी असते आणि ओव्हरड्राफ्ट शुल्क नसते. किरकोळ जुन्या थकबाकीकडे यांतल्या अनेक ठिकाणी दुर्लक्ष केले जाते, अडचण येते ती फसवणुकीची नोंद असल्यास. काही क्रेडिट युनियन आणि लहान बँका ‘सेकंड चान्स’ या नावाने खाते देतात. चेकबुक मिळत नाही, पण पगार जमा होतो आणि डेबिट कार्ड चालते. अर्ज करण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारावा: ‘चेक्ससिस्टिम्समध्ये जुनी थकबाकी असेल तर आपण खाते देता का?’ हो म्हटले तरच अर्ज करावा. ठेवींना एफडीआयसी या सरकारी संस्थेचे, किंवा क्रेडिट युनियन असल्यास एनसीयूए या सरकारी संस्थेचे, विमासंरक्षण आहे ना, तेही त्याच फोनवर विचारावे. पगाराचा चेक दर वेळी चेक वटवून देणाऱ्या दुकानात नेणे हा शेवटचा मार्ग आहे, कारण प्रत्येक चेकमागे पैसे कापले जातात.

अहवाल कसा वाचावा

अहवाल हातात आला की टेबलावर बसून पेन्सिलीने चार गोष्टींवर खूण करावी: नोंद कोणत्या बँकेने केली, कोणत्या तारखेला केली, कारण काय लिहिले आहे आणि रक्कम किती आहे. त्या मुलीच्या अहवालात विचारणांच्या दीड पानाच्या यादीनंतर नोंदीची जागा तीन ओळींची होती. खाते बंद केल्याचा महिना, ओव्हरड्राफ्टचा शेरा आणि ७३ डॉलर. ती पाच मिनिटे त्या ओळींकडेच पाहत होती. मनात आलेले सगळे भलते तर्क त्या तीन ओळींनी मिटवले.

तारीख पाहण्याचे कारण असे, की चेक्ससिस्टिम्सच्या नोंदीला साडेचार वर्षे उलटून गेली असतील तर काही महिने साध्या खात्यावर काढून नोंद आपोआप जाऊ देणेही शहाणपणाचे ठरते. पाच वर्षे होऊनही ती तेथे दिसत असेल तर ती काढून टाकण्याची मागणी करावी. कारण पाहणे त्याहून महत्त्वाचे आहे. ‘ओव्हरड्राफ्ट’ किंवा ‘थकबाकी’ असे असेल तर पुढचे उपाय आपले आपण करता येतात. ‘फसवणूक’ किंवा ‘संशयित फसवणूक’ या अर्थाचा शेरा असेल तर पुढचे काहीही न करता या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जावे.

नोंद चुकीची असेल तर

नोंद दुसऱ्याच माणसाची असणे हे वाटते तितके दुर्मीळ नाही. आपल्याकडे पाटील, जोशी, देशमुख ही आडनावे भरपूर, पहिली नावेही ठरावीक, आणि विद्यापीठाजवळच्या एकाच अपार्टमेंटमध्ये वर्षानुवर्षे भारतीय विद्यार्थ्यांच्या तुकड्या राहून जातात. नाव आणि पत्ता सारखा दिसला की एकाची नोंद दुसऱ्याच्या नावे पडण्याचा धोका असतो. कधी खाते आपलेच असते, पण रक्कम आधीच भरलेली असते आणि नोंदीत तशीच उभी राहिलेली असते.

अशा वेळी लेखी आक्षेप घ्यावा, आणि तो दोन ठिकाणी पाठवावा: अहवाल देणाऱ्या संस्थेला आणि नोंद पाठवणाऱ्या बँकेला. दोन्हीकडे का, तर संस्था पडताळणीसाठी शेवटी बँकेलाच विचारते, आणि बँकेपुढे आपली कागदपत्रे थेट गेलेली नसतील तर ती संगणकातला जुनाच शेरा वाचून ‘बरोबर आहे’ असे कळवून मोकळी होते. पत्र एक पानाचे असावे. कोणती नोंद, ती का चुकीची, सोबत कोणता पुरावा आणि आपली मागणी काय, एवढेच लिहावे. पुराव्याच्या प्रती जोडाव्यात, मूळ कागद कधीही देऊ नयेत. पोस्टातून सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवावे, कारण तपासाची मुदत पत्र पोचल्यापासून मोजली जाते. कायद्याने तपास ३० दिवसांत पूर्ण करावा लागतो. मधेच आपण नवी कागदपत्रे पाठवली तर त्यात १५ दिवसांची भर पडू शकते, म्हणून सगळे कागद पहिल्याच वेळी पाठवावेत. पडताळणी झाली नाही, तर नोंद काढावी लागते. ‘पडताळून पाहिली, बरोबर आहे’ असे उत्तर आले, तर आपली बाजू सांगणारे १०० शब्दांपर्यंतचे निवेदन अहवालाला जोडून घेण्याचा हक्क आहे. त्याने दारे उघडतातच असे नाही, पण शाखेतला माणूस ते वाचू शकतो.

आपल्या कागदपत्रांची चोरी करून कोणी खाते उघडले असेल, तर फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेच्या ओळखचोरीच्या संकेतस्थळावर आधी तक्रार नोंदवावी आणि तो अहवाल आक्षेपासोबत जोडावा. योग्य कागदपत्रे मिळाल्यावर अशी नोंद ४ कामकाजाच्या दिवसांत रोखावी लागते, म्हणजे साध्या आक्षेपापेक्षा हा मार्ग बराच जलद आहे.

नोंद खरी असेल तर

मग पैसे भरावेत, पण फोन उचलून लगेच नव्हे. आधी ती थकबाकी अजून बँकेकडेच आहे की वसुली कंपनीला विकली आहे, हे बँकेच्या वसुली विभागाला विचारावे. चुकीच्या हातात दिलेले पैसे परत मिळवणे फार अवघड असते. वसुली कंपनीकडे असेल तर कर्जाचा तपशील लेखी मागावा. तिची पहिली सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर पडताळणी पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते.

बँकेशी बोलताना दोन मागण्या कराव्यात. पैसे मिळाल्यावर ‘बाकी शून्य’ असे पत्र द्यावे, ही पहिली. आणि नोंद अहवालातून काढून टाकावी, ही दुसरी. दुसरी मान्य करण्याचे बंधन बँकेवर नाही. पैसे भरले म्हणून खरी नोंद पुसली जात नाही, ‘भरले’ असा शेरा मात्र लागायलाच हवा. तरीही रक्कम लहान असेल आणि माणूस परदेशी गेल्यामुळे पत्रे मिळाली नसतील, तर विनंती मान्य झालेली मी पाहिली आहे. बोलणे झाले की ते लेखी घ्यावे आणि मगच पैसे पाठवावेत. खाते नसल्याने चेक देता येत नाही, तेव्हा पोस्टाची मनी ऑर्डर वापरावी. एका मनी ऑर्डरची मर्यादा १,००० डॉलर आहे आणि पावती हाती राहते. वसुली कंपनीला डेबिट कार्डाचा क्रमांक देऊ नये.

त्या मुलीने ७३ डॉलर भरले, पत्र घेतले आणि त्याची प्रत चेक्ससिस्टिम्सकडे पाठवली. दीड महिन्याने नवा अहवाल मागवून, त्यात बदल झाल्याचे डोळ्यांनी पाहून, मगच तिने एका बँकेत अर्ज केला. हा शेवटचा अहवाल पाहिल्याशिवाय अर्ज करू नये. घाई करणाऱ्यांना नोंद दुरुस्त होण्याच्या आठवडाभर आधीच पुन्हा नकार मिळालेला आहे.

बँक दाद देत नसेल तर

पुरावा असूनही उत्तर येत नसेल, तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या बँक ग्राहकांच्या हितासाठीच्या सरकारी संस्थेकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडेही. तक्रार फुकट असते. या नोंदींबाबत बँकांना जाब विचारला गेलेला आहे: २०१७ मध्ये याच ब्युरोने जे. पी. मॉर्गन चेसला ४६ लाख डॉलर दंड केला, कारण खाते नाकारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नोंदी अचूक ठेवण्याची तिची व्यवस्था अपुरी होती आणि आक्षेपांचे निकाल ग्राहकांना नीट कळवले जात नव्हते. म्हणून ‘एवढ्या मोठ्या बँकेपुढे आपले काय चालणार’ असे समजून गप्प बसू नये.

‘तुमची नोंद पुसून देतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांपासून मात्र दूर राहावे. काम होण्याआधी शुल्क घेणे त्यांना कायद्यानेच मना आहे. त्यांच्यापैकी कोणी सोशल सिक्युरिटी नंबराऐवजी दुसरा नऊ अंकी क्रमांक वापरायला सांगितले, तर तो गुन्हा आहे आणि व्हिसावर असलेल्या माणसाला तो आयुष्यभर पुरतो.

येथे थांबा आणि वकील गाठा

नोंदीत फसवणुकीचा शेरा असेल, तर स्वतः काही लिहू नये. बहुतेक वेळा प्रकार असा असतो: कोणीतरी ओळखीचा किंवा ऑनलाइन काम देणारा एखाद्या विद्यार्थ्याला सांगतो की हा चेक तुझ्या खात्यात भर, थोडे पैसे स्वतः ठेव आणि उरलेले पुढे पाठव. पैसे खात्यात दिसतात, मुलगा ते पाठवतो, आणि आठवड्याने चेक खोटा म्हणून परत येतो. तो स्वतः फसलेला असतो, पण बँकेच्या नोंदीत खातेदार तोच असतो. अशा वेळी घाबरून लिहिलेल्या माफीच्या पत्रात ‘माझी चूक झाली’ हे वाक्य हमखास येते आणि पुढे तेच कबुलीजबाब म्हणून वाचले जाऊ शकते. विद्यार्थ्यांनी आधी विद्यापीठाच्या कायदेशीर साहाय्य कार्यालयात जावे. अनेक विद्यापीठांत ते मोफत असते. पोलिसांनी संपर्क केला असेल, तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलाचाही सल्ला घ्यावा.

आणखी दोन प्रसंगी आपले प्रयत्न थांबवावेत. ठोस पुरावा देऊनही नोंद दोनदा ‘बरोबर आहे’ म्हणून परत आली, तर ग्राहक हक्कांचे वकील पाहावेत. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टखाली खटला जिंकल्यास वकिलाचे वाजवी शुल्क समोरच्या पक्षाकडून मिळते, त्यामुळे बरेच वकील पहिल्या भेटीचे पैसे घेत नाहीत. दावा करायला कायद्याने मुदत घातली आहे, ती साधारणपणे उल्लंघन लक्षात आल्यापासून २ वर्षांची असते; म्हणून वर्षभर पत्रे लिहीत बसू नये. आणि वसुली कंपनीकडून न्यायालयाचे समन्स आले असेल, तर रक्कम कितीही लहान असो, त्याच आठवड्यात वकिलाला भेटावे, कारण उत्तर न दिल्यास निकाल एकतर्फी लागतो आणि पगारातून कपात सुरू होऊ शकते.

वकिलाकडे जाताना नकाराची सर्व पत्रे, दोन्ही अहवाल, पाठवलेल्या आक्षेपांच्या प्रती, पोचपावत्या, आणि कोणाशी कोणत्या तारखेला फोनवर काय बोलणे झाले याची हाताने लिहिलेली यादी तारखेनुसार लावून न्यावी.